डबल इंडेम्निटी (१९४४): दावा विभागातून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा पाहिला

जुनं_डॉकेट, शनिवार, रात्री ११:५०

आधीच सांगून ठेवतो, खाली शेवटापर्यंत सगळं फोडलंय. ज्यांना बघायचाय त्यांनी बघून या, धागा कुठं पळून जात नाही.

माझी नोकरी आयुर्विम्यात गेली आणि त्यातली शेवटची एकवीस वर्षं मृत्यू-दाव्यांच्या टेबलावर. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी कुणी गेल्याची बातमी वाचली की मनात पहिलं येतं, 'पॉलिसी किती दिवसांची होती?' हिचं म्हणणं, आधी 'अरेरे' तरी म्हणत जा.

बहीण राखीला इंदूरला आली, सोबत भाची. भाची पुण्यात सिनेमाचं काहीतरी शिकते. म्हणाली, "मामा, तुमच्या ऑफिसवर एक जुना पिक्चर आहे. नॉयर. बघता का?" मी काळापांढरा इंग्रजी सिनेमा आयुष्यात सलग पाहिलेला नाही. पण बाहेर धो धो पाऊस, ही आत भुट्टे किसत होती आणि कीस व्हायला अजून वेळ होता. बसलो.

नॉयर म्हणजे टोपीवाला डिटेक्टिव्ह, खोलीभर धूर आणि शेवटी बोट रोखून 'खुनी तू!' अशी माझी समजूत. इथं पहिल्या पाच मिनिटांत खांद्यात गोळी घेऊन एक माणूस रात्री विमा कंपनीच्या ऑफिसात शिरतो, डिक्टाफोनचा, म्हणजे आवाज टिपणाऱ्या यंत्राचा, भोंगा तोंडाशी धरतो आणि दावे बघणाऱ्या कीज नावाच्या सहकाऱ्याला मेमो सांगायला लागतो. डीट्रिकसनला मी मारलं, पैशासाठी आणि एका बाईसाठी. पैसे मिळाले नाहीत, बाईही नाही. झालं! मी भाचीला म्हटलं, "मग आता पावणेदोन तास बघायचं काय?" ती म्हणाली, "मामा, गप."

तर गोष्ट अशी. हा गोळी लागलेला माणूस नेफ, विमा विकणारा. गाडीच्या पॉलिसीचं नूतनीकरण करायला डीट्रिकसनच्या बंगल्यावर जातो. तिथली बाई विचारते, नवऱ्याला न कळू देता त्याचा अपघात विमा काढता येईल का? हा प्रश्न ऐकल्याबरोबर मी खुर्चीत सरळ बसलो. नेफला तिचा डाव कळतो, तो रागावून निघूनही जातो, आणि मग त्यातच पडतो. नवऱ्याची सही गाडीच्या कागदांसोबत घोळात घेतात. रेल्वेत अपघाती मृत्यू आला तर रक्कम दुप्पट, पन्नास हजार डॉलरचे एक लाख. म्हणून तो मेला पाहिजे आगगाडीतच. नवऱ्याचा पाय मोडलेला असतो. मोटारीत त्याचा गळा आवळतात आणि कुबड्या घेऊन, त्याच्या नावानं नेफ ट्रेनमध्ये चढतो. मग चालत्या ट्रेनच्या शेपटावरून उतरतो आणि प्रेत रुळांवर ठेवतात.

आता माझ्या कामाच्या गोष्टी.

एक. नाव चूक आहे. 'इंडेम्निटी' म्हणजे नुकसानभरपाई, झालं तेवढंच नुकसान भरून देणं. जिवाच्या विम्यात भरपाई नसतेच, कारण माणसाची किंमत कोण लावणार? ठरलेली रक्कम देतात. आमच्या परीक्षेला हा पहिल्याच धड्यातला प्रश्न. पण 'दुहेरी अपघात लाभ' नावाचा सिनेमा कुणी पाहिला नसता, हेही कबूल.

दोन. सुरुवातीला कीजच्या टेबलासमोर एक ट्रकवाला बसलेला असतो. ट्रक जळाल्याचा दावा. लाकडाचा भुसा टाकून आग यानंच लावली, हे कीजनं आधीच ताडलेलं. कीज आरडाओरडा करतो, दाव्यावर पाणी सोडल्याचा कागद पुढं सरकवतो, सही घेतो आणि त्याला दाराची मूठ कशी फिरवायची ते शिकवून बाहेर काढतो. दीड-दोन मिनिटांचा प्रसंग असेल. मी टाळ्याच वाजवल्या. असा एक साहेब माझ्या पहिल्या ब्रँचला होता, फक्त सिगारऐवजी तंबाखू.

तीन, आणि ही सगळ्यात भारी. कंपनीचा मालक म्हणतो, ही आत्महत्या, पैसे देऊ नका. कीज त्याला आत्महत्यांचे तक्ते तोंडपाठ म्हणून दाखवतो. कुठल्या धंद्यातले लोक करतात, कुठल्या ऋतूत, विष घेऊन किती, उडी मारून किती, उड्यांमध्येही पोटविभाग. आणि ताशी पंधरा मैलानं चाललेल्या आगगाडीच्या शेपटावरून उडी मारून एकही नाही. इथवर तो बाईच्याच बाजूनं बोलतोय. मग त्याच्या पोटात दुखायला लागतं. त्याच्या पोटात एक 'छोटा माणूस' बसलेला आहे, खोटा दावा आला की तो जेवण पचू देत नाही. कीजला रात्री सुचतं ते असं: डीट्रिकसनचा पाय मोडला होता, अपघात विमा चालू होता, मग त्यानं पायाचा दावा का नाही लावला?

कारण त्याला माहीतच नव्हतं की आपला विमा आहे!

मी अक्षरशः उठून उभा राहिलो. दावा बघणारा माणूस कागदावर काय लिहिलंय ते बघतो तसं काय लिहिलं नाही तेही बघतो. कुठल्याच डिटेक्टिव्हला हे सुचलं नसतं, यासाठी कारकुनी जन्म लागतो. कीस गार झाला, त्यावर बोलणीही खाल्ली. कुणी पाहिलाय का? बोला.


सावली_आणि_धूर, रविवार, सकाळी ८:१५

वा, काका! या सिनेमावर इतकं वाचलंय, पण पायाच्या दाव्यावर कुणी उभं राहिल्याचं पहिल्यांदाच वाचतोय.

थोडी भर घालतो. मूळ कथा जेम्स एम. केनची, १९३६ साली 'लिबर्टी' मासिकात क्रमशः आली. त्याला ती सुचली न्यूयॉर्कच्या एका खऱ्या खुनावरून. १९२७ साली रूथ स्नायडर नावाच्या बाईनं कॉर्सेट विकणाऱ्या प्रियकराच्या मदतीनं नवऱ्याला मारलं, आधी त्याच्या नावे दुप्पट रकमेचं कलम असलेली पॉलिसी काढून. दोघांनाही १९२८च्या जानेवारीत विजेच्या खुर्चीत बसवलं. म्हणजे तुमच्या टेबलावरचीच केस.

हॉलिवूडच्या सेन्सॉर कचेरीनं ही गोष्ट कित्येक वर्षं पडद्यावर येऊ दिली नव्हती. शेवटी दिग्दर्शक बिली वाइल्डरनं हात घातला आणि पटकथेला जोडीदार घेतला डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणारा रेमंड चँडलर. दोघांचं अजिबात पटत नसे. पुढच्या वेळी बघाल तेव्हा साधारण सोळाव्या मिनिटाला नेफ कीजच्या खोलीतून बाहेर पडतो तिथं नीट बघा. बाहेर खुर्चीत एक चष्मेवाला मासिक वाचत बसलाय, तो चँडलर.

प्रकाशाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही! खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर आणि नेफच्या कोटावर पडणारे आडवे पट्टे, जणू तुरुंगाचे गज त्याच्या अंगावर आधीच चढलेत. बंगल्याच्या दिवाणखान्यात उन्हात तरंगणारी जी धूळ दिसते त्यासाठी छायालेखक जॉन साइट्झनं हवेत अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण उडवले होते. आपल्याकडे व्ही. के. मूर्तींनी 'कागज़ के फूल'मध्ये आरशांवरून ऊन फिरवून तो झोत आणला, त्याची आठवण होते. तो १९५९चा.


जुनं_डॉकेट, रविवार, सकाळी ९:४०

प्रकाशातलं मला कळत नाही, खोटं कशाला बोलू. पण पट्टे ओळखीचे वाटले. आमच्या जुन्या ऑफिसला लाकडी झडपांच्या खिडक्या होत्या, संध्याकाळी पश्चिमेचं ऊन तसंच टेबलावर यायचं. एक ओळ उजेडात, एक अंधारात. पॉलिसीचा नंबर वाचायला डॉकेट, म्हणजे पॉलिसीची फाइल, पुढं-मागं सरकवावं लागे.


भुट्टेकाकीस, रविवार, सकाळी १०:०५

काका, कीस गार झाला हे वाचून माझ्या आयडीला वाईट वाटून राहिलं. 😀

मी 'जिस्म' बघितला होता कॉलेजात असताना, २००३. सगळे म्हणून राहिले होते की तो याच्यावरूनच घेतलाय. पण त्यात वकील होता, विमेवाला नव्हता. आणि भिया, खरं सांगू का, आपण तो स्टोरीसाठी बघायला गेलोच नव्हतो.

दुसरं म्हणजे, कुणीतरी सी.आय.डी.चं नाव घ्या की! १९५६. देव आनंद, रात्रीचे रस्ते, खून, सगळं आहे. आणि त्यातला पाकीटमार आपला इंदूरचा, जॉनी वॉकर. इथंच जन्मला. मुंबईत बसमध्ये कंडक्टरी केली पण बोलण्यातली मस्ती आमच्या मालव्याची.


तारीख_पे_तारीख, रविवार, दुपारी १२:३०

कायद्याच्या बाजूनं थोडं अवांतर. आपल्याकडे समजा बायकोनं नवऱ्याला मारून दावा लावला तर? नॉमिनी म्हणून नाव असलं तरी स्वतःच्या गुन्ह्याचा फायदा कुणाला घेता येत नाही. वारसा म्हणाल तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६च्या कलम २५ प्रमाणे खून करणारा वारस म्हणून अपात्र. मग रक्कम इतर वारसांना. सिनेमात त्या बाईची सावत्र मुलगी आहे ना, लोला? तिला मिळाली असती.

मात्र एक शंका. नवऱ्यानं सही केली पण कशावर करतोय ते त्याला माहीत नाही, तर तो करारच झाला नाही. मग कंपनी एक डॉलरही देणं लागत नाही. कीजला एवढा पोटशूळ कशाला?


जुनं_डॉकेट, रविवार, दुपारी १:१५

वकीलसाहेब, बरोबर. पण सिद्ध कोण करणार? सही खरी आहे. सही करणारा मेलाय. साक्षीदार म्हणून सावत्र मुलगी खोलीत बसवलेली आहे. दोन खोटे साक्षीदार परवडले, पण घरातला एक खरा साक्षीदार आला की आमचे हात बांधले जातात.

आणि आपल्याकडे विमा कायदा १९३८चं कलम ४५ आहेच. आमच्या वेळी दोन वर्षं झाली की पॉलिसीवर सहसा शंका घेता येत नसे, लबाडी सिद्ध करावी लागे. २०१५च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं, आणि नंतर लबाडीचं कारणही चालत नाही. म्हणून सुरुवातीच्या मुदतीतला मृत्यू आला की तो 'अर्ली क्लेम', त्याची चौकशी लागतेच. पॉलिसी लॅप्स होऊन पुन्हा चालू केली असेल तर मुदत तिथून नव्यानं मोजायची. अपघात असेल तर पोलिसांचे कागद, पंचनामा, पोस्टमॉर्टेम. आणि अपघातानंतर १८० दिवसांच्या आत मृत्यू झाला पाहिजे. सिनेमातलं जोडपं आपल्याकडे असतं तर कागद गोळा करतानाच थकून सुधारलं असतं.


तिसरी_घंटा, रविवार, संध्याकाळी ५:५०

सगळं वाचलं. पाय, पट्टे, कलम ४५, जॉनी वॉकर. बाईचं नाव एकानंही घेतलं नाही! फिलिस. काम केलंय बार्बरा स्टॅनविकनं. धाग्यात तिची 'ती बाई' झालीये.

मी नाटकात कामं करते, म्हणून एकच प्रसंग सांगते. गाडीत खून होतो तेव्हा कॅमेरा खुनाकडे बघतच नाही. फिलिस गाडी चालवतेय, ठरल्याप्रमाणे तीनदा हॉर्न वाजवते, शेजारी नवऱ्याचा गळा आवळला जातोय आणि आपल्याला दिसतो फक्त तिचा चेहरा. समोर रस्त्याकडे बघणारा. ती काहीच करत नाही. डोळे विस्फारणं नाही, ओठ चावणं नाही. किंचित समाधान येतं आणि तेही आलं की आपल्याला भास झाला, कळत नाही. हे 'काही न करणं' जमायला किती वर्षं लागतात ते रंगमंचावर उभं राहिलेल्यांना विचारा. आमच्याकडे हौशी स्पर्धांत कुणी मेलं की शेजारचं पात्र आधी छातीवर हात ठेवतं.

तो पिवळा विग मुद्दाम स्वस्त दिसणारा घातलाय म्हणतात. पायातली साखळीही तशीच. पुरुषांच्या गोष्टीत बाईला असंच नटवून दारात उभी करायची आणि मग सगळं पाप तिच्या पायाशी ढकलायचं, याचा राग येतोच. मेमोही नेफचाच. तिचा मेमो कुणी ऐकला? पण स्टॅनविक त्यातूनही निसटते. शेवटी ती नेफला एक गोळी घालते, तो म्हणतो, दुसरी घाल, आणि तिच्याच्यानं घातली जात नाही. का, ते तिलाही कळलेलं नाही. नेफला मात्र तिला गोळी घालताना असला प्रश्न पडत नाही.


सावली_आणि_धूर, रविवार, संध्याकाळी ६:२०

+१. आणि सात ऑस्कर नामांकनं होती, तिचंही होतं. मिळालं एकही नाही. ताई, त्या दुकानातल्या भेटीबद्दलही लिहा ना. डब्यांच्या रांगेत दोघं उभे, तिचा काळा चष्मा, एकमेकांकडे न बघता खुनाचं बोलतायत आणि मध्येच एक गिऱ्हाईक बाई वरच्या फळीवरचा डबा काढून द्या म्हणते.


तिसरी_घंटा, रविवार, संध्याकाळी ६:२५

तुम्हीच लिहिलंत की.


कृष्णपुऱ्याची_छत्री, रविवार, रात्री ९:००

न्यूयॉर्कपर्यंत जायची गरज काय? इंदूरचं स्वतःचं नॉयर आहे. १२ जानेवारी १९२५, मुंबईची मलबार हिल. अब्दुल कादिर बावला नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या गाडीवर हल्ला. गाडीत मुमताज बेगम, इंदूर दरबारातून निसटलेली नर्तकी. तिला पळवायला आलेल्यांनी बावलाला गोळ्या घातल्या, तिच्या चेहऱ्यावर वार केले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे इंग्रज अधिकारी तिथून गाडीनं येत होते, त्यातल्या एकानं गोल्फच्या काठीनं हल्लेखोरांना झोडपलं. ही गोष्ट पटकथेत लिहिली तर निर्माता म्हणेल, जरा जास्त होतंय. धागेदोरे इंदूरपर्यंत आले आणि पुढच्या वर्षी तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली.

माझी आजी इथल्या होळकरांच्या लालबाग महालावरून जाताना आवाज खाली करून हे सांगायची. मुमताज गेली कुठं, हे मात्र ती कधीच सांगत नसे.


तिसरी_घंटा, रविवार, रात्री ९:१०

हा वेगळा धागा काढाच. आणि मुमताजच्या बाजूनं काढा.


दुर्बीण, सोमवार, सकाळी ११:२५

कौतुकाचा पूर चाललाय म्हणून थोडं थंड पाणी.

मी काल रात्री पाहिला. चांगला आहे. पण दोन भोकं. पहिलं म्हणजे नेफच्या घरचा प्रसंग. कीज अचानक येतो, फिलिसही येऊन पोचते आणि उघड्या दाराच्या आड लपते. म्हणजे घराचं दार बाहेर, कॉरिडॉरमध्ये उघडतं! जगात कुठल्या फ्लॅटचं दार बाहेर उघडतं? तिला लपवायची सोय म्हणून सरळ बिजागरी फिरवलीये.

दुसरं जास्त गंभीर. कीज एवढा हुशार दाखवलाय. होणाऱ्या बायकोचीसुद्धा चौकशी करून लग्न मोडलेला माणूस. मोडक्या पायावरून खून ओळखतो, बाई ओळखतो, तिचा कुणीतरी साथीदार आहे हेही ओळखतो. आणि तो साथीदार समोरच्या टेबलाशी रोज याची सिगार पेटवून देतोय, हे त्याला दिसत नाही? पॉलिसी कुणी विकली? नेफनं. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. पटकथेची कमजोरी आहे, जुनं म्हणून सोनं म्हणायचं कारण नाही.


जुनं_डॉकेट, सोमवार, रात्री ११:३५

दुर्बीण, दाराचं माहीत नाही. दुसऱ्या मुद्द्यावर दिवसभर लिहू की नको करत होतो. लिहितो.

सिनेमावर बोलणारे सगळे काडीबद्दल बोलतात. कीजच्या खिशात कधी काडेपेटी नसते, नेफ दर वेळी अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याची सिगार पेटवतो आणि शेवटी मरायला टेकलेल्या नेफची सिगारेट कीज पेटवतो. छान आहे. माझ्या मात्र दुसराच प्रसंग डोक्यात बसलाय. नेफ रात्री चोरून कीजच्या खोलीत जातो आणि डिक्टाफोनवरचा त्याचा मेमो ऐकतो. मालकानं नेफवर पाळत ठेवा म्हटलेलं असतं. त्यावर कीजनं सांगितलेलं उत्तर असं, की त्या रात्री नेफ घरीच होता याची खात्री करून घेतली आहे, मी त्याला अकरा वर्षं जवळून ओळखतो आणि त्याच्याबद्दल मी स्वतः हमी देतो.

म्हणजे कीजला सुचलं नव्हतं असं नाही. त्यानं तपासलं. आणि मग हमी लिहून दिली.

तिथं मी रिमोट उचलून पिक्चर थांबवला. भाचीला वाटलं, पाणी हवंय.

माझ्यासमोर एक एजंट बसायचा. चार वाजता यायचा, डबल कट चहा सांगायचा. मी सुटे पैसे ठेवत नसे, एकोणीस वर्षं चहा त्याचा. मुलीच्या लग्नात माझ्याआधी मांडवात हजर, आईच्या वेळी रात्रभर दवाखान्यात. असा माणूस. त्याच्या एका पॉलिसीचा दावा आला. पॉलिसी बंद पडलेली, थकलेले हप्ते आणि तब्येत ठणठणीत असल्याचं लेखी देऊन पुन्हा चालू केलेली, आणि त्यानंतर अकराव्या दिवशी माणूस गेला. सांवेरकडचा शेतकरी. चौकशी माझ्याकडे. मी गावी जाऊन आलो, म्हणजे एजंटच्या स्कूटरवर मागं बसून जाऊन आलो. टिपणीत लिहिलं, 'एजंटास १९ वर्षांपासून ओळखतो. शंकेस जागा नाही.' दावा मंजूर.

आठ महिन्यांनी नवी लागलेली एक मुलगी दुसऱ्याच कशासाठी तरी ते डॉकेट चाळत होती. मला म्हणाली, "सर, हे बघा ना." प्रपोजलवर, म्हणजे विम्याच्या मूळ अर्जावर, अंगठा. निळ्या शाईचा, ठसठशीत, खाली साक्षीदाराची सही. आणि दहा पानांनंतर तब्येतीच्या त्या कागदावर त्याच माणसाची सही. देवनागरीत, वळणदार, आडनावासकट. अंगठा लावणारा माणूस मरायच्या अकरा दिवस आधी सही शिकला होता. कागदावर सही झाली तेव्हा तो दवाखान्यात शुद्धीवरही नव्हता, हे नंतर बाहेर आलं. तशी चार डॉकेटं निघाली. त्यातल्या तीनवर माझी टिपणी, एकावर दुसऱ्याची.

आता मुद्द्याचं. ती दोन्ही पानं मी पाहिली होती. वाचली होती. त्या महिन्यात दुसऱ्या एका दाव्यात जन्मतारखेतला खाडाखोड केलेला एक आकडा भिंग लावून मी पकडला होता आणि त्याबद्दल शाबासकी घेतली होती. मग हे का नाही दिसलं? चौकशीत मला हेच विचारलं आणि मी 'नजरचूक' लिहून दिलं. एक वेतनवाढ गेली. त्याचं लायसन गेलं.

नजरचूक नव्हती. बाकीच्या डॉकेटांत मी खोट शोधायचो. त्याचं डॉकेट आलं की चहा गार व्हायच्या आत कुठं सही करायची ते शोधायचो.

म्हणून म्हणतो, पटकथा कमजोर नाही. शेवटी नेफ म्हणतो, तुला सापडलो नाही कारण मी फार जवळ होतो, टेबलाच्या पलीकडेच. आणि कीज म्हणतो, त्याहून जवळ. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याचा कधीतरी एखाद्या ऑफिसशी संबंध आला असणार.


भुट्टेकाकीस, सोमवार, रात्री ११:५०

काका.

(मी पहिल्यांदाच एका शब्दाचा प्रतिसाद देऊन राहिलो.)


सावली_आणि_धूर, मंगळवार, सकाळी ७:४५

काका, आला होता संबंध. लिहिणाऱ्या केननं तरुणपणी काही दिवस विमा विकलाय, आणि त्याचे वडील पुढं विमा कंपनीत होते.


तारीख_पे_तारीख, मंगळवार, सकाळी १०:२०

'तीनवर माझी टिपणी' असं इथं लिहिलंत, हे धाडस आहे. वकील म्हणून सांगायचं तर लिहायला नको होतं. वाचक म्हणून बरं वाटलं लिहिलंत ते.


तिसरी_घंटा, मंगळवार, दुपारी ४:०५

नंतर कधी भेटलात त्याला?


जुनं_डॉकेट, मंगळवार, दुपारी ४:५५

एकदा. चार-पाच वर्षं झाली. राजवाड्यासमोर, दिवाळीची गर्दी. तो पणत्या घेत होता, घासाघीस चालली होती. आवाजावरूनच ओळखला. मी कपड्याच्या दुकानात शिरलो आणि तो जाईपर्यंत टॉवेल बघत राहिलो. दोन घ्यावेही लागले. हिनं विचारलं, टॉवेल कशाला? म्हटलं, सेल होता.

सिनेमात शेवटी कीज खाली गुडघ्यावर बसतो, ते मला कसं जमलं असतं ते माहीत नाही.


कृष्णपुऱ्याची_छत्री, मंगळवार, संध्याकाळी ७:१५

त्या सही पकडणाऱ्या मुलीचं पुढं काय झालं?


जुनं_डॉकेट, मंगळवार, संध्याकाळी ७:४०

दावा विभागातच आहे. आता माझ्या खुर्चीत बसते. मी निवृत्त झालो त्या दिवशी भिंग तिला देऊन आलो.


दुर्बीण, मंगळवार, रात्री १०:३०

दुसरा मुद्दा मागे घेतो. तुम्ही लिहिल्यावर तो मेमोचा प्रसंग पुन्हा बघितला, मी तेव्हा बहुतेक फोन बघत होतो.

दाराबद्दल मात्र ठाम आहे.


जुनं_डॉकेट, मंगळवार, रात्री १०:५०

दाराबद्दल मान्य. आत्ता उठून जिन्यावर जाऊन आलो, आमच्या इमारतीतली आठच्या आठ दारं आत उघडतात. शेजारच्यांनी विचारलं, काय शोधताय?